शाळेला सॉफ्टवेअर निवडून देण्याचा धंदा : सुरगाण्यासारख्या तालुक्यात तो कसा चालेल?



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, शाळांना डिजिटल शिक्षणाचं सॉफ्टवेअर विकायची एजन्सी घेऊ का? कंपनी डिपॉझिट मागतेय." व्हिडिओत थोडक्यात उत्तर दिलं होतं, आज सगळा हिशोब मांडू. उदाहरण सुरगाणा तालुक्याचं घेतोय, कारण इथे जे टिकेल ते पेठ, त्र्यंबकेश्वर, जव्हार, मोखाड्यातही टिकेल.

सुरुवातीलाच सांगतो, एजन्सीचं डिपॉझिट भरायची घाई करू नका. शाळेला लागणारं बरंचसं सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं. आपल्या शाळेला नेमकं काय हवं ते ओळखणारा, बसवून देणारा आणि जुलैच्या पावसात बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी येणारा माणूस मात्र मिळत नाही. पैसा तिथे आहे.

बडोद्यात काय झालं ते आधी वाचा

सुरगाण्याची हद्द गुजरातला लागून आहे, म्हणून उदाहरणही शेजारचंच घेऊ. २००० साली गुजरात सरकारने बडोद्याच्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले. दोन वर्षांनी 'प्रथम' या संस्थेने पाहणी केली, तर फारच थोड्या शाळांमध्ये ते प्राथमिकच्या मुलांसाठी वापरले जात होते. मशीन आलं, पण चालवणारं कुणी नव्हतं.

मग 'प्रथम'ने त्याच कॉम्प्युटरवर गुजरातीतले गणिताचे खेळ टाकले. स्थानिक मुला-मुलींना पाच दिवसांचं प्रशिक्षण देऊन मदतनीस म्हणून नेमलं. चौथीची दोन-दोन मुलं एका कॉम्प्युटरवर, आठवड्याला दोन तास. एवढ्यावर गणिताचे गुण चांगले वाढले. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मशीन तेच, शाळा त्याच. नवीन होतं ते मुलांच्या भाषेतलं सॉफ्टवेअर आणि शेजारी उभा असलेला गावातला माणूस. तो माणूस तुम्ही व्हायचंय.

गुजरातमध्येच 'ज्ञानशाला'च्या वर्गांत दुसरा प्रयोग झाला. शाळेच्या वेळेत, शिक्षिकेच्या शिकवण्याऐवजी कॉम्प्युटर लावला, तिथे मुलं मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर, जादा सराव म्हणून लावला, तिथे फायदा झाला. म्हणजे "गुरुजींचं काम आमचं सॉफ्टवेअर करेल" असं सांगून विकाल, तर मुलांचं नुकसानच कराल.

आपल्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हिवाळी गाव आहे. तिथली जिल्हा परिषदेची शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते. मुलं दोन्ही हातांनी लिहितात, मोठमोठे पाढे म्हणतात. शिक्षक केशव गावित यांच्या मेहनतीने ही शाळा देशभर माहीत झाली. शाळेत काम करणारा शिक्षक असेल तर सॉफ्टवेअर त्याचा हात हलका करतं. शिक्षकाचं मन नसेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर कपाटात जातं. म्हणून पहिलं गिऱ्हाईक निवडताना इमारत बघू नका, शिक्षक बघा.

निवड करण्याआधीचे सहा प्रश्न

शाळेत गेल्यावर लगेच डेमो दाखवायचा नाही. आधी वही काढा आणि हे सहा प्रश्न विचारा.

१. अडचण कुणाची आणि कुठल्या तासाची?

"शाळा डिजिटल करायची आहे" ही अडचण नव्हे, ती हौस झाली. "तिसरीतल्या नऊ मुलांना जोडाक्षर वाचता येत नाही" ही अडचण. "चौथीला हातच्याची वजाबाकी जमत नाही" ही अडचण. "आठवीच्या विज्ञानाला प्रयोगशाळा नाही" ही तिसरी, आणि प्रत्येकीला औषध वेगळं. वाचनाला एक, गणिताच्या सरावाला दुसरं, विज्ञानाला तिसरं. एकाच पेन ड्राइव्हमध्ये पहिली ते दहावीचं सगळं देणाऱ्याकडे यातल्या एकाचंही नीट उत्तर नसतं.

२. नेटशिवाय चालतं का?

उंबरठाण, बाऱ्हे, पळसन या बाजूंना फिरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. एका पाड्यावर रेंज असते, पुढच्या वळणावर जाते. त्यामुळे चाचणी सोपी ठेवा. ॲप टाका, फोन फ्लाइट मोडवर करा आणि तीन दिवस वापरा. चौथ्या दिवशी "कृपया लॉगिन करा" आलं की ते सॉफ्टवेअर आपल्या यादीतून बाद. कंपनीचा माणूस "ऑफलाइन पण चालतं सर" म्हणेल. त्याच्यासमोरच फ्लाइट मोड करा.

३. भाषा आणि पुस्तक जुळतं का?

पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी केलेल्या मराठीत आणि आपल्या मुलांच्या कानावरच्या भाषेत अंतर असतं. सुरगाण्यात घरी कोकणा किंवा वारली बोली बोलणारी मुलं पहिलीत येतात. त्यांच्यासाठी पुस्तकातली मराठीसुद्धा नवीनच असते. तेव्हा बघा, सॉफ्टवेअरमधला आवाज सावकाश आहे का? चित्र पाहून शब्द कळतो का? शिक्षकाला बोलीतला आवाज रेकॉर्ड करून टाकता येतो का? आणि धड्यांचा क्रम बालभारतीच्या पुस्तकाशी जुळतो का? जुळत नसेल तर शिक्षक आठ दिवस उत्साहाने लावतील आणि नंतर सोडतील, कारण परीक्षा पुस्तकावर असते.

४. एका खोलीत दोन-तीन वर्ग असतील तर?

पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी एकाच वेळी पहिली-दुसरी सांभाळतात. तिथे भिंतीवरचा मोठा टीव्ही लावला की दुसऱ्या वर्गाचं लक्ष उडतं. अशा ठिकाणी चार टॅब आणि हेडफोन बरे पडतात. गुरुजी एका वर्गाला शिकवतात, दुसऱ्या वर्गाची चार मुलं सराव करतात, वीस मिनिटांनी अदलाबदल. सातवी-आठवीला स्वतंत्र वर्ग असेल तर टीव्ही चालेल.

५. वीज किती तास?

इथे गणित करा, अंदाज नको. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-अवर. बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच धरा, म्हणजे ९००. प्रोजेक्टर २५० वॅटचा असेल तर जेमतेम तीन-साडेतीन तास. ४३ इंची एलईडी टीव्ही ८० वॅटच्या आसपास घेत असेल तर इन्व्हर्टरची घट धरूनही नऊ-दहा तास. टॅब तर रात्री चार्ज करून दिवसभर चालतात. पावसाळ्यात तीन-तीन दिवस वीज नसलेल्या गावात प्रोजेक्टर विकलात, तर पहिल्याच महिन्यात तोंड चुकवावं लागेल.

६. मुलगा दिवाळीनंतर गेला आणि होळीला आला, तर त्याची नोंद कुठे?

आपल्या तालुक्यातून कित्येक घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांना, गुजरातला कामाला जातात. मुलं मध्येच सोबत जातात, मध्येच परततात. सॉफ्टवेअरने त्या मुलाला त्याच्या थांबलेल्या जागेपासून पुढे न्यायला हवं. वर्गाबरोबर ओढणारं नको. आणि ती नोंद शाळेच्या मशीनवरच राहायला हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा विषय येतो. त्यामुळे मुलांचं नाव, फोटो, पालकांचा मोबाइल नंबर मागणारं ॲप शक्यतो टाळा. हजेरी क्रमांकावर काम भागत असेल तर तेवढंच द्या.

फुकट मिळणाऱ्या गोष्टी आधी हाताळा

गिऱ्हाइकाला विकत घ्यायला सांगण्याआधी या गोष्टी स्वतः वापरून बघा. महिनाभर रोज अर्धा तास दिलात तरी तालुक्यात तुमच्याइतकं जाणणारे थोडेच असतील.

दीक्षा : केंद्र सरकारचं, २०१७ पासून चालू असलेलं व्यासपीठ. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड स्कॅन केले की धड्याचं साहित्य उघडतं. रेंज असलेल्या ठिकाणी डाउनलोड करून ठेवता येतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणायचं काम आधी आपल्याच शाळेत केलं. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, ते तुम्हाला आठवत असेल. मुलाच्या दप्तरात आधीच असलेल्या पुस्तकाला त्यांनी तंत्रज्ञान चिकटवलं. नवीन महागडं काही आणलं नाही, ही गोष्ट धंद्यासाठी लक्षात ठेवा.

रीड अलाँग : गुगलचं वाचन-सरावाचं ॲप, २०१९ मध्ये 'बोलो' नावाने आलं. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलेला शब्द सांगतं. मराठी गोष्टी आहेत, एकदा डाउनलोड केल्या की नेट लागत नाही. आपल्या मुलांचे उच्चार त्याला कळतात का, हे मात्र चार मुलांवर करून बघा.

स्टोरीवीव्हर : प्रथम बुक्सचा गोष्टींचा खजिना, २०१५ पासून. पातळीनुसार मराठी गोष्टी मिळतात आणि छापूनही देता येतात. परवाना मोकळा आहे, फक्त श्रेय द्यावं लागतं. झेरॉक्स-प्रिंटिंगचं दुकान असणाऱ्यांनी इकडे विशेष लक्ष द्यावं.

कोलिब्री : हे खास बिगर-नेटच्या शाळांसाठीच केलेलं आहे. जुना लॅपटॉप किंवा तळहाताएवढा रास्पबेरी पाय कॉम्प्युटर घ्या, त्यात साहित्य भरा, छोटा वाय-फाय राउटर लावा. वर्गातले टॅब त्याला जोडले जातात, इंटरनेट अजिबात नाही. कुठलं मूल कुठे अडलं तेही शिक्षकांना दिसतं.

फेट आणि जिओजिब्रा : पहिलं विज्ञानाच्या आभासी प्रयोगांसाठी, दुसरं भूमिती-बीजगणितासाठी. माध्यमिक शाळांना उपयोगी, दोन्ही मराठीत वापरता येतात.

आता एक धोक्याची सूचना. बालभारतीच्या पुस्तकांचे हक्क मंडळाकडे आहेत. पीडीएफ आणि यूट्यूबचे व्हिडिओ उतरवून, पेन ड्राइव्हमध्ये भरून विकणं हा धंदा नाही, तो गुन्ह्याचा रस्ता आहे. चोरीची विंडोज टाकून देणंही तसंच. फुकट साहित्याचे पैसे मागायचे नाहीत. पैसे आपल्या बसवण्याचे, शिकवण्याचे आणि देखभालीचे घ्यायचे, आणि बिलावर तसं स्पष्ट लिहायचं.

शाळेकडे पैसा कुठून येतो?

समग्र शिक्षाच्या निकषांत १०० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान जास्तीत जास्त २५ हजार रुपये आहे. त्यातच स्वच्छता, दुरुस्ती, वीजबिल, खडू-फळा सगळं येतं. म्हणजे पाड्यावरच्या शाळेला ६०-७० हजारांचं कोटेशन देणं म्हणजे स्वतःचा आणि मुख्याध्यापकांचा वेळ घालवणं.

मग दुसरे दरवाजे बघा. सुरगाणा हा अनुसूचित क्षेत्रातला तालुका, त्यामुळे ग्रामपंचायतींना पेसाचा ५ टक्के अबंध निधी येतो. त्यातून शिक्षणावर खर्च करता येतो, आणि तो ठरवते ग्रामसभा. लोकवर्गणीतूनही महाराष्ट्रात असंख्य जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाल्यात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांना पटलं तर काम होतं. म्हणून डेमो फक्त मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये देऊ नका. समितीच्या बैठकीत द्या, आणि टॅब मुलांच्या हातात द्या. जिल्हा परिषद शाळेत पाऊल टाकण्याआधी केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटून रीतसर कळवा.

शासकीय आश्रमशाळांची खरेदी कळवणच्या प्रकल्प कार्यालयाच्या आणि नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाच्या वाटेने जाते. नवख्याने तिथून सुरुवात करू नये. अनुदानित आश्रमशाळा आणि खाजगी शाळांत संस्थाचालक स्वतः निर्णय घेऊ शकतात, तिथे लवकर उत्तर मिळतं.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी आधी करा. ती पूर्ण मोफत आहे, कुणालाही त्यासाठी पैसे देऊ नका. जीएसटीची मर्यादा सेवेसाठी वर्षाला २० लाख आणि फक्त वस्तू विकत असाल तर ४० लाख, त्यामुळे सुरुवातीला नोंदणीची गरज पडणार नाही. पण सीमेवरच्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्या. डांगमधल्या शाळेला टॅब किंवा टीव्ही विकलात, तर तो आंतरराज्य माल होतो आणि पहिल्याच बिलापासून जीएसटी नोंदणी लागते. नुसती सेवा दिलीत तर २० लाखांपर्यंत सूट आहे.

हिशोब करून बघू

समजा, वर्षाच्या देखभालीचे शाळेमागे ६,००० रुपये घेतले, म्हणजे महिन्याला ५००. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा.

दहा शाळा : वर्षाला ६०,००० रुपये जमा. प्रत्येक शाळेला महिन्यातून एक फेरी, सरासरी ५० किलोमीटर जाऊन-येऊन, म्हणजे वर्षाला ६,००० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ४५ देते आणि पेट्रोल १०५ धरलं, तर १४,००० रुपये. गाडीची देखभाल ६,०००, केबल-चार्जर-मेमरी कार्ड ८,०००. खर्च २८,०००. उरले ३२,०००, म्हणजे महिन्याला २,७०० सुद्धा नाहीत. यावर घर चालणार नाही.

तीस शाळा : १,८०,००० जमा. पण आता फेरी आखून करा. बाऱ्ह्याकडची एका दिवशी, बोरगावकडची दुसऱ्या दिवशी, एका फेरीत तीन शाळा. वर्षाला १२० फेऱ्या, फेरी ८० किलोमीटरची, ९,६०० किलोमीटर. पेट्रोल २२,४००, सुटे भाग २४,०००, गाडी १०,०००. खर्च ५६,४००. उरले १,२३,६००, म्हणजे महिन्याला १०,३००, आणि तेही महिन्यातले दहाच दिवस देऊन.

म्हणजेच मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, आपले सरकार केंद्र असं काही आधीपासून करणाऱ्याला हा उत्तम जोडधंदा आहे. सगळं सोडून यात उडी मारायची गरज नाही. कर्ज काढून तर नाहीच.

आणखी एक. शाळांचे पैसे उशिरा येतात. म्हणून टॅब-टीव्हीसारखं सामान स्वतःच्या पैशाने घेऊन उधारीवर देऊ नका. शाळेने किंवा ग्रामपंचायतीने थेट दुकानदाराकडून घ्यावं, तुम्ही फक्त काय घ्यायचं ते लिहून द्यावं. कमिशन कमी मिळेल, पण भांडवल अडकणार नाही.

पहिला महिना : विकायचं नाही, मोजायचं

एकच शाळा घ्या. पहिल्या दिवशी शिक्षकांसोबत तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाची छोटी चाचणी घ्या. 'असर' सर्वेक्षणात वापरतात तशी : अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकाने भागाकार. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात. कोण कुठे आहे, एका कागदावर लिहून काढा.

मग एकच अडचण निवडा, एकच सॉफ्टवेअर लावा. मुख्य तास न मोडता रोज वीस-तीस मिनिटं. तुम्ही आठवड्यातून एकदा जा. काय बंद पडलं, किती दिवस खरंच वापरलं, शिक्षक काय म्हणाले, ते वहीत टिपा. तिसाव्या दिवशी तीच चाचणी पुन्हा घ्या.

फरक दिसला तर तो कागद समितीसमोर ठेवा. नाही दिसला, तर तेही तसंच सांगा आणि सॉफ्टवेअर बदला. तालुक्याची बाजारपेठ एकच असते, शिक्षक एकमेकांना केंद्राच्या बैठकीत भेटतात. "हा पोरगा नाही चाललं तर नाही म्हणून सांगतो" ही ओळख कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त शाळा मिळवून देते. उलटंही खरं आहे. ग्रामसभेने एकदा पोटाला चिमटा काढून पैसे दिले आणि टीव्ही वर्षभर कपाटात राहिला, तर ते गाव पुढची दहा वर्षं शाळेसाठी वर्गणी काढणार नाही. नुकसान तुमच्या एका बिलाचं नसतं, त्या गावातल्या मुलांचं असतं.

या आठवड्याचा गृहपाठ

एक, कोलिब्री जुन्या लॅपटॉपवर टाकून बघा. दोन, रीड अलाँग चार मुलांच्या हातात द्या आणि बाजूला बसून फक्त निरीक्षण करा. तीन, तुमच्या घरापासून २५ किलोमीटरच्या आतल्या शाळांची यादी करा : पट किती, शिक्षक किती, वीज कशी, रेंज कुठली. चार, त्यातला सर्वात धडपडणारा शिक्षक शोधा आणि त्यांना एवढंच विचारा, "सर, मॅडम, तुमच्या वर्गातली कुठली एक अडचण सुटली तर तुम्हाला बरं वाटेल?"

त्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून आणा. पुढच्या व्हिडिओत आपण त्यावरून कोटेशन कसं लिहायचं ते बघू. कंपनीच्या डिपॉझिटचे पैसे तोपर्यंत बँकेतच राहू द्या.